पाच कोऱ्या उत्तरपत्रिका

निरीक्षकाने पाकिटाचं सील तोडलं, अंगठा ओला करून उत्तरपत्रिका मोजल्या आणि वाटून झाल्यावर उरलेल्या पाच टेबलावर पालथ्या ठेवल्या.

"तेवीस हजर," असं म्हणत त्याने तक्त्यात आकडा लिहूनही टाकला.

दाराशी उभ्या असलेल्या पाचवीच्या बाईंना रिकाम्या जागा शोधाव्या लागल्या नाहीत. घारी नाही, जुळे नाहीत, लांब्या नाही, शिंपिणीची धाकटी नाही. वर्गातले नेमके कच्चे पाच. एखादं तापाने पडलं असतं तर समजण्यासारखं होतं. पण ताप काय गुणपत्रक बघून येतो?

पाचवीत परीक्षेला बसलेल्यांची सरासरी साठच्या खाली गेली, तर शाळा बाहेरच्या संस्थेच्या ताब्यात जाणार, असं पत्र दोन महिन्यांपूर्वी आलं होतं. प्रश्नपत्रिका त्या संस्थेच्याच, निरीक्षकही तिचाच. शिक्षकांचं पुढे काय, यावर पत्रात अवाक्षर नव्हतं. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत कोणी आत आलं की बोलणं थांबायचं.

परीक्षा सुरू असताना स्वतःच्या वर्गात थांबायला बाईंना मनाई होती. त्या तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या.

"पाच जण आले नाहीत."

मोठ्या बाई फायलींची दोरी बांधत होत्या. "आजारी असतील."

"पाचही?"

"साथ असते, बाई."

मागच्या आठवड्यात मोठ्या बाईंनीच कच्च्या मुलांची यादी मागून घेतली होती. जादा तास घ्यायचेत म्हणाल्या होत्या. जादा तास काही झाले नव्हते. पाचवीच्या बाईंनी मागे हात नेऊन दार लोटलं.

"तुम्ही कोणाच्या घरी निरोप पाठवलात का?"

दोरीची गाठ अर्धवट राहिली.

"कमाल आहे," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "हे मी तुम्हाला विचारणार होते."

कोपऱ्यातल्या कारकुनाने मान वर न करता पान उलटलं.

"झालं ते बरंच झालं म्हणायचं," तो पुटपुटला. त्याला कोणीच गप्प केलं नाही.

उशिरा आलेल्यांना साडेदहापर्यंत आत घेत. बाईंनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं. फाटकाबाहेर पडताना त्यांनी मागे वळून पाहिलं, तर मोठ्या बाई खिडकीत उभ्या होत्या.

शिंपिणीचं घर पाच-सहा गल्ल्या सोडून होतं. बाईंना दारात पाहून शिवणयंत्रावरचा तिचा पाय थांबला.

"या ना बाई. आज परीक्षा नव्हती ना हिची?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तिनेच. बाईच म्हणाल्या येऊ नका, असं म्हणाली." शिंपिणीने तोंडातली टाचणी काढून दंडाला बांधलेल्या टाचण्यांच्या गादीत खोचली. "तुमचं नाव घेतलं, मग मी कशाला मध्ये बोलू?"

म्हणजे ज्याने कोणी हे केलं, त्याने बाईंच्या नावावर केलं होतं. त्या पडदा सारून आतल्या खोलीत गेल्या.

पाचही जण जमिनीवर पसरलेल्या खाकी कागदाभोवती उकिडवे बसले होते. बाई दिसताच लांब्याने घाईघाईने पोट धरलं.

"पोट दुखतंय, बाई."

"माझंपण," एक जुळा म्हणाला. दुसऱ्याने नुसतीच मान हलवली.

"कोणी सांगितलं घरी बसायला? मोठ्या बाईंनी? की त्या निरीक्षकाने?"

धाकटीने हातातला कापड आखायचा खडू खाली ठेवला.

"तुम्हीच."

"मी कधी म्हणाले?"

"शुक्रवारी, जिन्यात. मोठ्या बाईंना म्हणालात, हे पाच जण नसते तर निभावलं असतं. आम्ही खालीच होतो, चपला घालत."

"आम्हाला राग नाही आला, बाई," घारी पटकन म्हणाली. "खरंच आहे ते. हिने गणित करून बघितलं."

बाई खाली वाकल्या. कागदावर वर्गातल्या अठ्ठावीस जणांचे सराव परीक्षेतले गुण एकाखाली एक मांडले होते. बेरीज एक हजार पाचशे ब्याऐंशी. भागिले अठ्ठावीस, साडेछप्पन. मग पाचांवर काट. उरलेले एक हजार चारशे बाहत्तर, भागिले तेवीस. चौसष्ट. बाईंनी भागाकार पायरी-पायरीने तपासला. हातचे तपासले. चूक शोधायला त्या पुन्हा वरपासून खाली आल्या. चूक नव्हती.

"हे तुला कोणी दाखवलं?"

"कोणी नाही. तीनदा चुकलं," धाकटी म्हणाली. "मग आलं. बाई, तुमची बदली नाही ना होणार आता?"

बाईंनी पदराने चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"दप्तरं घ्या," त्या म्हणाल्या. "उठा. चला सगळे."

"पण बाई, मग आकडा—"

"चला म्हटलं ना."

गल्लीत आले तेव्हा दहा वाजून तेवीस मिनिटं झाली होती. चालत गेलं तर दहा मिनिटांची वाट. मुलं बाईंच्या मागे, बाईंच्या चालीने चालू लागली. बाई नेहमीसारख्याच चालत होत्या. भरभर नाही, रेंगाळतही नाही.

धाकटी पुढे झाली आणि चालता चालता त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.

"बाई, पळू का?"

बाईंनी पुढे पाहिलं. गल्लीच्या टोकाला शाळेची भिंत दिसत होती. त्या चार पावलं चालल्या. पाचवंही टाकलं.

"पळा," त्या म्हणाल्या.