न जळालेलं दार

दार तासभर आगीत टिकलं, असं खात्यानं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. खोटं लिहून दिलं. त्या दारानं पेटती काडीसुद्धा पाहिली नव्हती.

ते दार घडवणाऱ्या बाईला गल्ली दारवाली म्हणायची. नवरा गेल्यावर कारखाना तिनं आणि धाकट्या दिरानं सांभाळला, आणि आग अडवणारी दारं हाच आता त्यांचा धंदा होता. आग लागली तर जिन्याकडचं दार तासभर तरी टिकलं पाहिजे, असा बांधकामाचा नियम. त्यासाठी नमुन्याचं दार खात्याला द्यायचं. ते भट्टीच्या तोंडाशी बसवून जाळतात. टिकलं तर मंजुरी, नाहीतर चालते व्हा.

या खेपेला तिनं दाराच्या पोटातलं भरण बदललं होतं. जुनं मिळेनासं झालं होतं. नवं हलकं होतं, पण आगीत ते काय करील हे तिलाही ठाऊक नव्हतं. मागच्या दारांना खात्यानं बिजागरीवरून, फटीवरून रडवलं होतं. यंदा ब्र नाही. थेट मंजुरी.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ती दिराला म्हणाली.

"वहिनी, तुम्हाला सुख दुखतं. नापास केलं की म्हणता, मेले छळतात. पास केलं की म्हणता, मेले लबाड आहेत. त्यांनी जगायचं तरी कसं?"

"जळालेलं दार बघून येते."

"कोळसा बघून काय, तोंडाला फासणार? मुलांच्या दवाखान्याची दारं तयार उभी आहेत. मी गाडी सांगितलीय."

ती खात्याच्या कचेरीत गेलीच. टेबलामागची बाई म्हणाली, "साहेब आत आहेत. दार लोटून घ्या, एसी चालू आहे."

दार आपोआप मिटत आलं आणि शेवटी अजिबात वाजलं नाही. दारवालीचा हात तिथंच थांबला. कुलपाच्या बोटभर खाली लाकडाचं गोल बूच होतं, पॉलिश किंचित गडद. ड्रिल घसरून चुकीचं भोक पडलं, ते तिनंच बुजवलं होतं. खात्याला दिलेल्या दारात.

"मंजुरी मिळाली ना बाई? आता काय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, दार छान आहे."

"आहे ना? बाहेरची कटकट आत येत नाही."

"माझंच आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "सगळी सारखीच दिसतात हो."

"लेकरंही दिसतात. आईला विचारा." ती बसली नाही. "हे इथं आहे, तर भट्टीत काय जळालं?"

साहेब हसले. हे हसणं तिनं ओळखलं. गिऱ्हाईक गळाला लागलं की दलाल असंच हसतो. "तुमचं काही बिघडलंय का? कागदावर टिकलंय ना? बोभाटा केलात तर मंजुरी तुमची जाईल, आमची नाही. घरी जाऊन विचार करा."

खरं होतं ते. म्हणूनच तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं तिथंच फोन लावला. "गाडी परत पाठव."

"वहिनी, ऑर्डर गेली तर आपण रस्त्यावर येऊ."

"येऊ. आपल्याला पाय आहेत. त्या पोरांना खाटेवरून उतरता येत नाही."

पलीकडून दीर म्हणाला, "ड्रायव्हर शिव्या देईल." आणि फोन ठेवला.

तिनं खुर्ची ओढली, दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात खुर्ची टाकून बसली. बाहेर रांगेतली माणसं माना वळवून बघू लागली.

"बाई, दार लावा."

"लावते. आधी सांगा, तुमच्या भट्टीत काही जळालं की भट्टी पेटलीच नाही? आणि माझं दार तासभर टिकतं की नाही? मला माहीत नाही, साहेब. तुम्हाला माहीत आहे, असं तुम्ही लिहून दिलंय. सांगा."