डब्यांची जाळी

“एकीच्या हातापायी दोघींचा दिवस गेला बघ.”

रत्नम्मा हळूच बोलली होती. पण तिचं हळू म्हणजे चालू मशीनजवळचं हळू. लातूरच्या कामगार कोर्टाच्या व्हरांड्यात, त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या महामायाला ते नीट ऐकू आलं. यात पाय कशाला आणला हिनं, असं तिला वाटून गेलं. पाय तर दोन्ही शाबूत होते.

“हजेरी लागनार हाय ना,” शहजादी पुटपुटली. “मुनीम म्हन्लाय.”

दोघी डाळमिलच्या टेम्पोतून आल्या होत्या, मिलच्या बाजूनं साक्ष द्यायला. महामाया एकटीच चालत आली होती. तिघींनी कितीतरी वर्षं शेजारी बसून पोती शिवली होती. डावा हात कोपराखाली गेला, त्यानंतर मात्र मिलमधलं कुणी तिच्या खोलीकडं फिरकलं नव्हतं. लेकीनं नायगावला नेलं होतं. पण जावयाच्या घरात बसून खाणारी सासू किती दिवस बरी दिसणार? आपणच परत आली. संध्याकाळी कडी लावली की बोलायला भिंत होती, आणि भिंतीला ऐकायची सवय झाली होती.

“पदर गुंतला,” असंच सगळे सांगायचे. मिलमध्ये तसंच, दवाखान्यात तसंच. विचारलं की महामायाही तेच म्हणायची, सोपं पडायचं. मशीनच्या पट्ट्याखाली सांडलेली डाळ झाडताना पदर गुंतला आणि पदरामागं हात गेला. पट्टा उघडा का होता, हे कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही.

मिलनं कोर्टात लिहून दिलं होतं, की पट्ट्यावरची लोखंडी जाळी महामायानं स्वतःच काढून नेली. कामगारानं मुद्दाम जाळी काढली असेल तर भरपाई मिळत नाही, हे तिच्या वकीलबाईंनी समजावून सांगितलं होतं.

“काढली होती का तुम्ही?”

“नेली तर मीच,” महामाया म्हणाली होती. एवढंच सांगून ती उठली होती.

नेली होतीच. भंगाराच्या ढिगात पडलेली ती जड जाळी तिनं एकटीनं डोक्यावर घेतली, नळापाशी चार विटांवर मांडली. मग साऱ्या बाया धुतलेले डबे तिच्यावर पालथे घालायला लागल्या. “अक्कानं फर्निचर आनलं गं!” म्हणून शहजादीनं त्या दिवशी टाळ्या पिटल्या होत्या. नेताना तोल सावरायला हाच डावा हात वर होता. आता रात्री झोप लागेना की महामायाला वाटायचं, आपल्या हातानं आपणच नेली, मग कुणाच्या नावानं बोंबलायचं?

दुपारी न्यायाधीश साहेब जेवायला उठले. महामायानं डबा काढला, गुडघ्यांत धरला आणि झाकण उचकटायला लागली. रोज निघायचं; आज अडून बसलं. कोर्टाच्या दारात डब्यालाही तारीख पाहिजे असेल, असं मनाशी म्हणत तिनं तो बाजूला ठेवला आणि रस्त्याकडं बघत बसली.

शहजादी उठून आली. डबा घेतला, पोटाशी धरून झाकण काढलं, समोर ठेवला. आत बघून थबकली.

“अक्का, निस्ता भात? तू तर भाकरीबिगर...”

“एका हातानं थापता येत न्हाई गं.”

शहजादी परत जागेवर जाऊन बसली. तिनं स्वतःच्या भाकरीचं फडकंही सोडलं नाही.

जेवणानंतर शहजादीचाच पुकारा झाला. आत मिलच्या वकिलांनी कोट सारखा केला. मुनीम मागं उभा होता.

“पट्ट्यावरची जाळी नळापाशी कुणी नेली? नाव सांगा.”

शहजादीनं महामायाकडं पाहिलं. “महामायानं.”

“झालं, साहेब.” वकील खाली बसले. महामायानं मान खाली घातली. खोटं तर काही नव्हतं.

तिच्या वकीलबाई उठल्या. “नेली कुठून?”

“भंगारातून.”

“भंगारात कशी गेली?”

वरचा पंखा करकरत राहिला. मुनीम खोकला. शहजादीनं पदर डोक्यावर ओढला, दोन्ही हात कठड्यावर ठेवले. त्या दोन हातांकडं महामाया बघत राहिली.

“बोला,” साहेब म्हणाले. “घाबरू नका.”

“घाबरते तर हायच, साहेब. उद्या काम ऱ्हाईल का न्हाई, अल्ला जाने.” मग एका दमात बोलली. “जाळी शेठनं काढाया लावली. ती असली की साफसफाईला पट्टा बंद करावा लागतो, टाइम जातो म्हनून. फिटरनं आमच्याम्होरं काढून भंगारात टाकली, समद्यांनी बघितलं. अक्कानं काढली न्हाई. निस्ती उचलून आनली, आमच्या डब्यांसाठी.”

साहेबांचं लिहिणं थांबलं. “आता कुठं आहे ती जाळी?”

“तिथंच हाय, नळापाशी. पट्टा अजून उघडाच हाय, साहेब. काल बी माझा डबा तिच्यावरच वाळला.”