शेजारच्या खुर्चीतला माणूस

पोपट हे नाव त्याला सोबतच्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात ठेवलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. छोट्या शहरांना जोडणाऱ्या विमान कंपनीत नव्याने लागलेल्या पायलटला वाटतं, आता विमान चालवायचं. चालवायचं कुठलं! आधी वर्गात बसून तारा, नळ्या आणि पंपांची घोकंपट्टी. मग कॉकपिटचं कागदी चित्र खोलीच्या भिंतीवर चिकटवायचं, समोर खुर्ची टाकून बसायचं आणि हवेत बोटं फिरवायची. बघणाऱ्याला वाटावं, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय.

हा सराव दोघांनी करायचा असतो. एकाने सांगायचं, दुसऱ्याने करायचं आणि केलं म्हणून उत्तर द्यायचं. पोपटचा जोडीदार लेखी परीक्षेत आपटला आणि बॅग भरून घरी गेला. मग हॉटेलच्या त्या खोलीत पोपट दोन्ही आवाज स्वतःच काढू लागला. "चाकं खाली," असं आपल्या आवाजात, आणि "चाकं खाली, तीन हिरवे दिवे," म्हणजे तिन्ही चाकं पक्की बसली, असं जाड्या आवाजात. हसण्यासारखी गोष्ट खरी, पण त्या खोलीत दिवसभर दुसरं कोणी बोलतच नव्हतं. संध्याकाळी आईचा फोन यायचा. ती कसा आहेस म्हणायच्या आत तो "एकदम मजेत" म्हणून मोकळा व्हायचा, आणि नंतर बराच वेळ बंद टीव्हीकडे बघत बसायचा. त्याला तिथे फार एकटं वाटत होतं. ते कोणाला सांगायला जीभ रेटत नव्हती.

सिम्युलेटर म्हणजे मोठ्या हॉलमध्ये लोखंडी पायांवर उभी असलेली, डोलणारी बंद खोली. आत हुबेहूब कॉकपिट. जोडीदार नसल्यामुळे पोपटच्या शेजारी एका निवृत्त कॅप्टनना बसवलं. खुर्ची भरायला कंपनी त्यांनाच बोलवायची. सरावात त्यांना अधूनमधून शुद्ध हरपल्याचं सोंग घ्यावं लागे, म्हणून पोरं त्यांना पाठीमागे 'स्वर्गवासी' म्हणत. म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं. "बायको गेल्यापासून घरी तरी काय वेगळं आहे," असं ते एकदा चहाच्या मशीनपाशी म्हणाले होते. पोपटने बटण दाबून त्यांच्यासाठी आणखी एक कप भरला.

परीक्षेच्या दिवशी पोपटने विमान असं अलगद टेकवलं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. परीक्षक बाईंनी मशीन थांबवलं.

"लँडिंग छान," त्या म्हणाल्या. "आता शेजारी बघ."

कॅप्टन मान टाकून बसले होते.

"कधीपासून?" पोपटने विचारलं.

"धावपट्टी दिसायच्याही आधीपासून. चाकं कोणी सोडली?"

"सरांनी."

"तू सोडलीस. तूच सांगितलंस, तूच केलंस, आणि जाड्या आवाजात उत्तरही तूच दिलंस. अरे, शेजारचा माणूस गेला आणि तुला पत्ता नाही?"

पोपटचा पोपट झाला. नियम साधा होता आणि त्याला तो पाठही होता. हाक मारायची. उत्तर नाही आलं तर पुन्हा मारायची. तरीही नाही आलं तर शेजारचा शुद्धीवर नाही असं धरून विमान आपल्या ताब्यात घ्यायचं. पण शांततेची त्याला इतकी सवय झाली होती की शेजारून आवाज येत नाही यात काही वावगं आहे, हेच जाणवलं नाही. या गोष्टीने तो नापास होण्यापेक्षाही जास्त घाबरला. बाईंनी आणखी एक संधी दिली. ती गेली की नोकरी गेली.

दुसऱ्या परीक्षेत तो प्रत्येक वाक्यानंतर थांबला. थांबणं जड जात होतं, जीभ नुसती शिवशिवत होती. पण प्रत्येक वेळी शेजारून तो घोगरा आवाज आला आणि त्याला बरं वाटलं.

"चाकं खाली," तो म्हणाला.

उत्तर आलं नाही. हात आपोआप खटक्याकडे निघाला होता, तो त्याने आवरला.

"कॅप्टन?"

काही नाही. त्याने मान वळवून नीट बघितलं. पांढरे केस, छातीवर टेकलेली हनुवटी. सोंग आहे हे माहीत असूनही तो त्यांच्याकडे झुकला.

"सर, ऐकताय ना? बरे आहात ना?"

तो थांबला. मग म्हणाला, "कंट्रोल माझ्याकडे," आणि रेडिओवर मदत मागून विमान खाली आणलं. या वेळी ते धपकन आदळलं.

"बरे आहात ना, हे पुस्तकात नाहीये," बाई म्हणाल्या.

"चुकलं, मॅडम."

"पास," म्हणून त्या उतरून गेल्या.

कॅप्टन पट्टा सोडायचं नाव घेईनात.

"सर, संपलं. पास झालो मी."

"ऐकलं की." ते समोरच्या काळ्या पडद्याकडे बघत होते. "बाकीची पोरं दोन्ही हाका एका दमात मारतात. म्हातारा सोंग करतोय, हे माहीत असतं ना. तू थांबलास."

"मग, जास्त थांबलो का?"

"थोडा." त्यांनी सावकाश पट्टा सोडला. "मी बोललो असतो तर तुझी परीक्षा बिघडली असती, म्हणून गप्प बसलो. पण बरे आहात ना म्हणालास, तेव्हा 'नाही रे' असं अगदी ओठांवर आलं होतं."