पुसलेली बाजू

कुवेतच्या आमच्या घरात हे निखिलला बोलू द्यायचे नाहीत. धाक घालून नव्हे, मदत करून. पोरगं तोंड उघडायचं, 'प'वर अडायचं, आणि हे लगेच म्हणायचे, "पाणी? घे." त्याला पाणी नको असायचं, पेन हवं असायचं. पण वाक्य पुरं करायला बाप टपलेलाच. माझ्या डोक्यात अशी तिडीक जायची म्हणून सांगू.

हे म्हणजे माझे यजमान, प्रताप. पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात इंजिनियर. आम्ही तिथल्या सलवा भागात राहायचो, शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. निखिल तेव्हा नववीत. लहानपणापासून अडखळायचा. एरवी इंग्रजीत उत्तरं द्यायचा, कारण शाळेत तीच भाषा, पण अडखळण्याला मराठी काय नि इंग्रजी काय.

फोन तेव्हा परवडायचा नाही, म्हणून आमच्याकडे कॅसेटचं पत्र जायचं. शुक्रवारी सुट्टी. जेवणं झाली की हे टू-इन-वन टेबलावर आणायचे, लाल बटण दाबायचे, आणि सगळ्यांनी पाळीपाळीनं नाशिकच्या विजयावन्संशी बोलायचं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आईमागे त्यांनीच ह्यांना वाढवलं, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. निखिलची पाळी आली की हेच माइकशी वाकून म्हणायचे, "निखिल मजेत आहे, ताई. अभ्यास जोरात." पोरगं शेजारी बसलेलं असायचं. त्याच्या तोंडावरच त्याची खुशाली दुसरा सांगतोय. असला कसला बाप.

त्या वर्षी तर कहर झाला. वन्संनी कोणी वैद्य गाठला होता. वेखंड उगाळून जिभेला लावायचं नि चार माणसांत राहायचं, म्हणजे जीभ सुटते म्हणे. कॅसेटीवरूनच ठरलं. जूनमध्ये निखिलला नाशिकला पाठवायचं, बारावीपर्यंत तिथेच. मला कोणी विचारलं नाही. निखिलला तर नाहीच नाही. तो रात्री उशीत तोंड खुपसून पडायचा. विचारलं की म्हणायचा, "ड-डोन्ट सेंड मी, आई." मी ह्यांच्याशी भांडभांड भांडले. हे म्हणायचे, "तू लाडावून ठेवलंयस." संपलं.

अशात एक दिवस कपडे वाळवून आत येतेय, तर निखिलच्या खोलीतून आवाज. भराभर, धो धो बोलतोय कोणी तरी. मला वाटलं, मित्र आलाय. डोकावले तर हा एकटाच. टेप लावलेली, आणि टेपमधल्या माणसाबरोबर हा बोलतोय. एकदाही न अडता. मी कपड्यांची बादली घेऊन तशीच खाली बसले.

अमेरिकेतल्या कुणा रॅपवाल्याची कॅसेट होती ती. तेव्हाच आठ-नऊ वर्षांची जुनी. वर्गातली पोरं एकमेकांकडून उतरवून घ्यायची, कॉपीची कॉपी, नुसती खरखर. रॅप म्हणजे शिव्या आणि धांगडधिंगा एवढंच मला ठाऊक. हा माणूस मात्र गोष्ट सांगत होता. इंग्रजी इतकं भरधाव की मला ओ की ठो कळेना, पण आता म्हातारी बोलतेय, आता कोणी तरी लबाड तिला गुंडाळतोय, हे नुसत्या आवाजावरून कळत होतं.

"हा बारीक आवाजाचा कोण रे?" मी विचारलं.

निखिल अडखळत सांगायला लागला. एक माणूस शेजाऱ्याचा कोट न विचारता घालून लग्नाला जातो, आणि तिथे समोर शेजारीच. मी हसले. मग रोजचंच झालं. हे ड्यूटीवर गेले की आम्ही दोघं टेपपाशी. वीसदा ऐकलेली गोष्ट एकविसाव्यांदा ऐकताना पोरगं तितकंच हसायचं. मी म्हटलं, "पाठ आहे तरी काय एवढं ऐकतोस?" तर म्हणाला, "आई, ह-ही वेट्स. म्हातारीला प-पूर्ण बोलू देतो. मधे कोणी त-तोडत नाही." ह्या पोराला घरात जे मिळत नव्हतं, ते एका खरखरणाऱ्या कॅसेटवर मिळत होतं.

"मग तू सांग की मला एक," मी म्हटलं. "मराठीत."

महिनाभर तो खपला. बोटांनी टेबलावर ठेका धरायचा नि पुटपुटायचा. गोष्ट घरचीच घेतली. ह्यांनी राई भागातल्या शुक्रवारच्या बाजारातून एक जुनं कपाट आणलं होतं, शिसवी, राजवाड्यात शोभेल असं. फ्लॅटचं दार मोजलं, भिंत मोजली, आणि लिफ्ट मोजायची विसरले. जिनाही अरुंद. कपाट खाली दारातच राहिलं, आणि इमारतीचा इजिप्शियन रखवालदार, हारिस, त्यात आपली पांघरुणं ठेवायला लागला. हे आपले येता-जाता कपाटाकडे न बघता वर यायचे. निखिलनं ह्या सगळ्यांना आवाज दिले. हारिसला त्याचं तोडकं हिंदी, लॉरीवाल्या पठाणाला त्याचा दम, आणि बापाला बापाचा तोरा.

"कपाट आलं दारात, बाबा भलते जोरात,
म्हणे, टेप लावून मोजलंय, बसणारच ते घरात.
लिफ्ट म्हणाली, साहेब, मला विचारलंत का?
साहेब म्हणाले, गप्प बस, इंजिनियर कोण, तू का?"

असं बरंच होतं. मला तेवढंच आठवतं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं. मी म्हटलं, "हे आत्याला पाठवू. तिनं एकदा तुझ्या तोंडून ऐकलं की नाशिक रद्द." त्यालाही ते पटलं. पहिल्या बाजूला आम्ही शुक्रवारी नेहमीचं बोललो. शनिवारी शाळेतून आल्यावर त्यानं दुसऱ्या बाजूला एकट्यानं गोष्ट भरली. मग पेन घेऊन कॅसेटच्या पाठीवरची त्या बाजूची प्लास्टिकची टिकली तोडली. टिकली तोडली की त्यावर पुन्हा काही भरता येत नाही. लाल बटण दाबलंच जात नाही. "आता क-कोणी पुसू शकत नाही," म्हणाला. कॅसेट ह्यांच्या ऑफिसातल्या सलीलबरोबर गेली. तो सुट्टीवर निघाला होता. द्यायच्या आधी ह्यांनी ती तपासली. तशी दर वेळी तपासायचेच, कानाला हेडफोन लावून, सेन्सॉरवाल्यांसारखे. मला काही बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकली, आवडली असेल, कौतुक करायची सवय नाही ह्या माणसाला.

पाडव्याला मात्र नाशिकला फोन व्हायचा. हे बोलले, मग मी रिसीव्हर घेतला. म्हटलं, "वन्सं, कशी वाटली आमच्या निखिलची गोष्ट?"

"कसली गोष्ट गं? ह्याही वेळी पोराचा आवाज नाहीच. दोन्ही बाजूंना प्रतापचंच पुराण. आणि ती चिकटपट्टी कशाला लावली होतीत? माझ्या टेपमध्ये अडकली मेली. ओढून काढावी लागली."

चिकटपट्टी. टिकली तोडलेल्या भोकावर पट्टी चिकटवली की बटण पुन्हा दाबलं जातं, हे घराघरांत ठाऊक होतं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या मिनिटाला कळलं. फोन तसाच हातात धरून मी ह्यांच्याकडे वळले. निखिल बाजूलाच उभा होता.

"निखिलची गोष्ट कुठे गेली?"

"पुसली गेली असेल चुकून," हे म्हणाले.

"चुकून चिकटपट्टी लागते?"

हे एकदम उसळले. "अगं, तिथे सबंध वाडीतले लोक जमून ऐकतात! त्यांच्यापुढे माझी शोभा करायची? सबंध गोष्टीत मी एकटा मूर्ख आहे."

"आणि तो? अडखळला कुठे?"

ह्यांनी निखिलकडे पाहिलं नाही. "नाही," म्हणाले. "एकदाही नाही."

म्हणजे ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं. जन्मात पहिल्यांदा पोरगं सलग बोललं, ते बापानं कान देऊन ऐकलं, आणि एका कपाटाच्या लाजेपायी पुसून त्यावर स्वतःचा आवाज भरला. मला ह्या माणसाची किळस आली. नवरा आहे म्हणून शब्द फिरवणार नाही, किळसच आली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात निखिलनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. ठेका नाही, टेप नाही, काही नाही. "आ-आत्या," म्हणाला. "म-म-मी..." आणि अडला. गच्च अडला. मान ताठ झाली, डोळे मिटले. ह्यांचा हात सवयीनं पुढे आला, फोन घ्यायला. मी तो हात धरला आणि खाली दाबून ठेवला. पलीकडे वन्सं काही बोलल्या नाहीत, ते मात्र त्यांचे उपकार. किती वेळ गेला कोण जाणे. "न-नाशिकला... य-येणार नाही." पुरं केलं त्यानं, स्वतःचं स्वतः.

वन्सं म्हणाल्या, "बरं बाबा. नको येऊस." मला रिसीव्हरबाहेर ऐकू आलं. मग म्हणाल्या, "बापाला दे." त्यांनी ह्यांना जे काय झापलं, त्यात ह्यांना "ताई, पण" ह्यापुढे जाताच आलं नाही. मला तिळमात्र दया आली नाही.

निखिल गेला नाही नाशिकला. कुवेतलाच शिकला, मग पुण्याला नोकरी लागली. अजून अडखळतो, सावकाश बोलतो, आणि लोक थांबतात. रॅपवाल्याची ती कॅसेट झिजली, तेव्हा त्यानं दुसरी घेतली. दोन हजार सहा साली सुट्टीत आमच्याकडे आला तर त्याच माणसाची सीडी घेऊन. पोराला मिशा आल्या, तरी ती कोटाची गोष्ट ऐकताना तसाच हसतो. कपाटाची गोष्ट मात्र त्यानं पुन्हा कधी म्हटली नाही. मी विनवलं, रागावले. "आठवत नाही," एवढंच म्हणतो.

त्याच सुट्टीत कुवेतमधल्याच जाब्रियाहून ह्यांचे स्नेही आले होते जेवायला. सीडी वाजत होती. ह्यांना एकदम कौतुकाचा उमाळा आला. "अहो, आमचा निखिल शाळेत असल्यापासून हे करायचा. माझ्यावर काय झकास गोष्ट रचली होती! निखिल, म्हण रे ती कपाटाची."

निखिलनं ताटातला घास खाली ठेवला. शब्द जमवायला त्याला वेळ लागला, आणि पाहुणे थांबले.

"ब-बाबा," तो म्हणाला, "ती कॅसेट फक्त तुम्हीच ऐकलीत. त-तुम्हीच सांगा."