टपावरचा म्हातारबा

मी एक जुना पांगुळगाडा. तीन चाकं, एक दांडी, आणि चौकटीत मावणार नाही एवढा हेवा. मित्रांनो, लाकडाला हेवा वाटत नाही असं कुणी सांगितलं तर खरं मानू नका. पुण्यापासून साखऱ्याच्या तांड्यापर्यंत अख्खी वाट मी एकाचा हेवा करत आलो. तो कोण होता, हे मला पार शेवटी कळलं. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

साखऱ्याजवळच्या तांड्यात वसराम आणि मिराबाई राहतात. त्यांचा मुलगा कुलदीप भिंतीला धरून उभा राहू लागला, तेव्हा वसराम जळबा सुताराकडे गेले. जळबानं माझी चौकट सागाची केली आणि चाकं बाभळीची. पुढच्या चाकाच्या आऱ्या तासून त्यानं पात्यांसारख्या तिरप्या केल्या, आत खुंट्या ठोकल्या आणि त्यांवर एक टिपरी बसवली. चाक फिरलं की खुंटी टिपरीला लागायची. टुक्. पुन्हा टुक्.

"हे काहून?" वसरामनं विचारलं.

"लेकरू एकटं चालत न्हाई, दादा," जळबा म्हणाला. "त्याच्याशी कुणी बोलत असंल तरच पाऊल टाकतं."

माझ्या दांडीला धरून कुलदीप चालला. मग शेजारची वैष्णवी चालली, मग तिचा भाऊ, मग निम्मा तांडा. मिराबाई मला सणासुदीला तेल लावायच्या. कुणाच्या घरी लेकरू उभं राहिलं की बाई दारात यायची, "मिराबाई, चार रोज गाडा देता का?" आणि मी फुगायचो. ते माझे थाटाचे दिवस होते.

पुढं कुलदीप गाडी चालवायला पुण्याला गेला. त्याची बायको पूजा. त्यांना मुलगी झाली, निलम. मिराबाईंनी मला पुण्याला धाडलं आणि निलमनंही माझ्याच दांडीला धरून पहिलं पाऊल टाकलं. पण फरशीवर माझी चाकं दणदण वाजायची. खालच्या मजल्यावरचे लोक वर आले, दोनदा आले, आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्यावर ओले लंगोट वाळू लागले. ते निलमचेच, म्हणून मी सोसलं. मग निलमला भाऊ झाला, फुलसिंग. त्याला सगळे फुलू म्हणतात. मी मनात म्हटलं, आता आपले दिवस परतले.

तेवढ्यात फुलूचे मामा गुलाबसिंग एक मोठं खोकं घेऊन आले. खोक्यातून निघाला वॉकर. निळा, पिवळा, गोल गरगरीत. छातीवर तीन बटणं. एक दाबलं की बदक ओरडायचं, दुसरं दाबलं की गाणं, तिसऱ्यानं लाल दिवे. फुलू त्याच्याकडे बघून खुदकन हसला, आणि माझ्या सगळ्या खुंट्या एकदम दुखल्या.

होळीला फुलूची धुंड होती. आमच्या तांड्यांत वर्षभरात जन्मलेल्या लेकराची होळीला धुंड करतात. सगळा तांडा दारात येतो, गाणी होतात, लेकराचं कौतुक होतं. त्यासाठी सगळे गावी निघाले. सामान बांधताना पूजा म्हणाली, "अहो, हा गाडा गावाकडंच ठेवून येऊ. इथं पाय टाकाया जागा न्हाई."

"बराबर हाये," कुलदीप म्हणाला. "टाकतो टपावर."

बराबर हाये! ज्याला मी पहिलं पाऊल शिकवलं, त्याच्या तोंडून हे. त्यानं मला गाडीच्या टपावर उताणा बांधला, चाकं आभाळाकडे. आणि वॉकर? तो आत, मागच्या सीटवर, पूजाच्या शेजारी, गादीवर.

पहाटे गाडी निघाली. नगर येईपर्यंत दोन्ही लेकरं झोपेत होती. मग ऊन चढलं आणि आतला तमाशा सुरू झाला. फुलूला गाडीतला एसीचा गार वारा सोसत नाही, म्हणून काचा खाली होत्या. मला बरंचसं ऐकू यायचं, उरलेलं वारा पळवायचा.

"मला मांडीवर," निलम म्हणाली.

"मांडीवर फुलू हाये ना, बाई. तू मोठी."

"मी न्हाई मोठी. त्याला डिकीत ठेव."

कुलदीप हसला. पूजा हसली नाही. "तुमाला हसाया काय जातं? इकडं येऊन बसा दोघांमधी." तिनं मुरमुरे दिले, ते सांडले. बाहेरच्या शेळ्या दाखवल्या, शेळ्या मागं पळाल्या. मोबाईल दिला तर गाडीत निलमला उलटी होते, म्हणून तो पिशवीच्या तळाशी. फुलू रडला की निलम रडायची, आणि निलम रडली की फुलूला वाटायचं आपणही रडायला हवं. मग पूजानं वॉकरचं बटण दाबलं. बदक ओरडलं. पुन्हा ओरडलं. जालना येईपर्यंत ते बदक ओरडतच होतं. "बंद कर ते," कुलदीप म्हणाला, "डोकं उठलं माझं."

तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं. मी आपला वर उन्हात पडलेलो. वारा चाकाच्या आऱ्यांत शिरायचा, चाक थोडं फिरायचं, टिपरी वाजायची. म्हातारपणी अंग कुठंतरी वाजतंच. आपला खोकला आपण मोजत बसत नाही, तसं मीही तिकडं लक्ष दिलं नाही.

आणि अचानक आत हसू फुटलं. निलमचं हसू. पाठोपाठ फुलूचं, बहीण हसते म्हणून. इतक्या वेळानं पहिल्यांदा! मी कान देऊन ऐकू लागलो. पूजा ओवी घालावी तशी गात होती:

"म्हातारबा म्हातारबा, भाकर खातो का?"

क्षणभर सगळे गप्प. आणि मग निलमचा चीत्कार, "हो म्हन्ला! हो म्हन्ला!"

"म्हातारबा म्हातारबा, तांड्यावर येतो का?"

पुन्हा तसंच. पुन्हा खिदळणं. "बाबा, हळू चालव! म्हातारबा हळू बोलतो!" आणि कुलदीपनं गाडी हळू केली. मग जोरात, मग पुन्हा हळू, आणि दर वेळी आतून हसण्याचे फुगे वर येत होते.

तर मित्रांनो, त्या वॉकरात म्हातारबासुद्धा होता! चौथं बटण असणार, मागच्या बाजूला कुठंतरी. प्रश्नाला उत्तर देतो, हो म्हणतो, नाही म्हणतो. मला काय येतं? टुक्! मी विचार केला, माझ्याजवळ एक तरी बटण असतं तर! जळबा सुताराचा मला राग आला. ज्यानं मला घडवलं त्याचा राग यावा, एवढा तो हेवा मोठा होता.

मंठ्याला गाडी थांबली. निलम खाली उतरली आणि माझ्याकडे बघून दोन्ही हात हलवू लागली. मला मान असती तर मी फिरवली असती. वाटलं, वाकुल्या दाखवते. आत तिचा बोलका म्हातारबा आहे, आणि मी इथं वर उताणा.

जिंतूरला चहासाठी थांबलो. हॉटेलवाला चहा देता देता वर बघून ओरडला, "ओ भाऊ! तुमचा गाडा खुळखुळून राहिला की! पडला म्हंजे मागच्याच्या कपाळात जाईल." तो भला माणूस ट्यूबच्या दोन लांब पट्ट्या घेऊन वर चढला आणि त्यानं चाकांसकट, टिपरीसकट मला असं आवळलं की श्वास घ्यायला जागा उरली नाही. तरी मला बरं वाटलं. एवढ्या वाटेत कुणीतरी माझी काळजी केली. अंगाची खुळखुळ थांबली. मी डोळे मिटून पडलो.

गाडी निघाली. पूजानं सूर लावला.

"म्हातारबा म्हातारबा, पाणी पेतो का?"

शांतता.

"म्हातारबा म्हातारबा, झोपला का?"

काही नाही. निलमनं स्वतः हाक मारली. एकदा, दोनदा, मग रडवेल्या आवाजात. मग तिनं भोकाड पसरलं आणि फुलूनं तिच्या वर सूर नेला.

बिघडलं! चौथं बटण बिघडलं! मित्रांनो, टपावर बांधलेल्या लाकडाला नाचता येत नाही, नाहीतर मी नाचलो असतो. वाटलं, आता कळेल यांना प्लॅस्टिकचं काय होतं ते.

"थांब, वॉकर लावते," पूजा म्हणाली. आणि बदक ओरडलं. खणखणीत. गाणं वाजलं, तेही खणखणीत. वॉकरला काहीसुद्धा झालं नव्हतं.

"हे नको!" निलम किंचाळली. "म्हातारबा पायजे! म्हातारबा मेला का?"

मी चमकलो. वॉकर तर बोलतोय. मग त्याच्यात तो म्हातारबा नव्हता. मग होता कुठं?

लेकरं थांबेनात. येलदरीचं धरण मागं पडलं, पूर्णा ओलांडून आम्ही आपल्या हिंगोली जिल्ह्यात शिरलो, वाऱ्याबरोबर शिजत्या हळदीचा वास आला, तरी रडणं चालूच. निलमचा आवाज बसला. फुलू रडून रडून लाल झाला, दूध तोंडात घेईना. "अशी घसा बसलेली लेकरं घेऊन धुंडीला जायाचं का आपण?" पूजा म्हणाली, आणि तिलाच रडू फुटलं. "काही करा ओ. सकाळपासून मी एकटीच दोघांना सांभाळून राहिले."

कुलदीपनं गाडी कडुनिंबाखाली थांबवली आणि कपाळावर हात मारला. "अगं, त्या हॉटेलवाल्यानं आवळलं ना त्याला! गळाच दाबला म्हाताऱ्याचा."

तो टपावर चढला. माझ्याजवळ. त्यानं पट्ट्या सोडल्या, दोर चौकटीला नीट बांधला आणि चाक मोकळं ठेवलं. मग बोटानं ते चाक फिरवलं.

टुक्.

खालून बसक्या आवाजात आरोळी आली, "जिता हाये! आई, म्हातारबा जिता हाये!"

मित्रांनो, काय सांगू! बाभळीच्या चाकाला घाम फुटतो का? मला फुटला. जालन्यापासून ज्याच्यावर मी दात खात होतो, ज्याच्यासाठी जळबाला शिव्या दिल्या, तो मीच होतो. माझ्याच बोलण्याचा मी हेवा करत होतो.

उरलेल्या वाटेत मी जीव लावून बोललो. निलम म्हणाली, "म्हातारबा, फुलू चांगला हाये का?" गाडी खड्ड्यातून गेली. टुक् टुक्. निलमनं फुलूकडे पाहिलं, मग म्हणाली, "बरं. मग त्याला डिकीत नको."

तांड्यावर पोचलो तर मिराबाई धावत आल्या आणि दोन्ही लेकरांवरून मीठ-मिरची ओवाळली. धुंड थाटात झाली. वसरामनं मला गोठ्याच्या माळ्यावर चढवलं. ठरलंच होतं तसं. खाली अंगणात वॉकर मिरवत होता, पोरं बटणं दाबायला एकमेकांना ढकलत होती, आणि खरं सांगतो, मला पुन्हा हेवा वाटला. तो काही एका शहाणपणानं जात नाही.

परतायच्या दिवशी टपावर ज्वारीचं पोतं चढलं. निलम गाडीच्या दारात बसून राहिली. "म्हातारबा न्हाई तर मी न्हाई."

"वर जागा न्हाई, बाई," कुलदीप म्हणाला. "पोतं हाये."

"मंग पोतं घे मांडीवर!" मिराबाई कडाडल्या. "तुजे पाय कशानं सरळ झाले रे? ज्वारीच्या पोत्यानं?"

सगळे हसले. कुलदीपनं पूजाकडे पाहिलं. ती वॉकर उचलून पोरांच्या घोळक्यात ठेवत होती. "हा राहू द्या इथं," ती म्हणाली. "फुलू म्हातारबाला धरून चालंल. फरशी वाजली तर वाजू द्या. खालच्यांची समजूत मी काढते."

पोतं आत गेलं, पायांखाली. मी वर गेलो. दोर बांधताना कुलदीपनं तीन वेळा चाक फिरवून पाहिलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, नाहीतर एखादं जुनं माणूस. त्यांना सांभाळा, जपा, पडू नये म्हणून बांधायचं असेल तर बांधाही. पण इतकं आवळू नका की तुम्ही हाक मारली तर त्यांना ओ देता येणार नाही.