भिंतीचा खालचा कोपरा

भातं कापून झाली की हैबती धनगर मेंढरं घेऊन वेल्ह्याच्या डोंगरातून खाली उतरायचा. मोकळ्या खाचरात मेंढरं चार-आठ रात्री बसली की जमिनीला चांगलं खत मिळायचं, आणि शेतकरीही खुशीनं धान्य द्यायचे. भोरचं संस्थान विलीन होऊन सहा वर्षं झाली होती, त्या साली त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उत्रोलीला सावळाराम पाटलाच्या खाचरात बसला होता. बरोबर चुलतभाऊ म्हादू होता, बायको ठकुबाई होती आणि सहा वर्षांची चंद्री.

पूर्वी ठकुबाई खाली यायची नाही. मार्गासनीच्या वरच्या अंगाला त्यांची धनगरवस्ती होती, तिथं ती दोन पोरी आणि दोन गाया सांभाळून राहायची. पण थोरली भामा गेली, त्याला आता दोन वर्षं होत आली होती, आणि त्या घरात एकटीनं हिवाळा काढायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. ती तसं कुणाला बोलली नाही. सुगी सरल्यावर गाया जावेच्या दावणीला बांधल्या, चंद्रीला काखोटीला मारलं आणि मेंढरांच्या मागं चालू लागली. हैबतीनंही का म्हणून विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी सावळाराम पाटील बांधावर आला.

"हैबती, उद्या भोरात जाऊन ये की. जुन्या कचेरीत अजबखाना मांडलाय न्हवं, तो उद्या समद्यांना फुकट हाय. वर पोरांना चित्रं काढायला कागद देनार हाईत, रंग देनार हाईत. पर आईबापानं संगट यायचं. शाळेच्या मास्तरनं सांगितलंय, घरचं समदं मानूस आलं पायजे."

"आमाला कोन घेतंय आत," हैबती म्हणाला.

"का न्हाई घेनार? आता कचेरी राजाची ऱ्हायली न्हाई."

रंग हा शब्द चंद्रीच्या कानावर पडला आणि तिथंच निकाल लागला. रातभर तिनं बापाला झोपू दिलं नाही. सकाळी म्हादूच्या हवाली मेंढरं करून तिघं निघाली. ठकुबाईनं पोरीचं तोंड धुतलं, केसांना तेल चोपडलं, स्वतःचं धुतलेलं लुगडं नेसली. हैबतीनं पटका नव्यानं बांधला.

कचेरीच्या दारात शिपाई होता. त्यानं हैबतीची काठी आणि तिघांच्या वहाणा बाहेर ठेवून घेतल्या. काठी नसली की हैबतीला हातांचं काय करावं ते कळत नसे. तो हात पाठीशी धरून आत गेला. आत दोन दालनं होती. तलवारी होत्या, एक पालखी होती, माणसाच्या उंचीचे तांब्याचे हंडे होते, आणि कोपऱ्यात पेंढा भरलेला बिबट्या उभा होता. चंद्री आईच्या निऱ्यांत शिरली.

हैबती मात्र बिबट्याला न्याहाळत थांबला. "ह्यो आपल्याच बाजूचा," तो म्हणाला. "बघ, कान फाटलाय. कुत्र्यांनी धरला आसंल."

मग चंद्रीही जवळ गेली आणि तिनं लांबूनच त्याच्या शेपटीकडं बोट केलं.

मागच्या चौकात तरटं अंथरली होती. भोरातली माणसं पोराबाळांसह आधीच बसली होती. शाळेतले चित्रांचे मास्तर, डोक्यावर काळी टोपी घातलेले, कागद वाटत हिंडत होते. करवंट्यांमधून गेरू, चुना, हळद आणि नीळ कालवून ठेवली होती. कोळशाचे तुकडे सुपात होते. हैबती सगळ्यांच्या कडेला, चौकाच्या खांबाशी बसला. मास्तर तिथंही आले.

"घरटी एक कागद आहे," ते म्हणाले. "एकट्या मुलीनं काढायचं नाही हं. तिघांनी मिळून आपलं घर काढायचं."

"आमाला काय येतंय मास्तर," हैबती हसला. "आमी मेंढरामागची मानसं."

"येत नाही असं कुणीच नसतं. कोळसा तर धरता येतो ना?"

मास्तर पुढं गेले. चंद्रीनं आधी गेरूत बोट बुडवलं आणि कागदाच्या एका अंगाला तीन रेघा मारल्या. ते त्यांचं पाल. खाचरातली दोन काठ्यांवरची घोंगडी, तेच तिच्या लेखी घर होतं. मग ती थबकली.

"बा, वरचं घर कसं काढू?"

"इतक्यात इसरलीस व्हय?"

"तू काढ की."

हैबतीनं इकडंतिकडं पाहिलं, आपल्याकडं कुणी बघत नाही ना याची खात्री केली, आणि सुपातला एक कोळसा उचलला. जरा वेळ तो कागदावर नुसताच धरला. मग त्यानं एक मेंढी काढली. तिची शिंगं बांगड्यांसारखी वाटोळी काढली आणि पाय काढले तीन.

"बा, चौथा पाय?" चंद्री म्हणाली.

"चौथा न्हवता."

ठकुबाई पदराशी चाळा करत बसली होती. तिचा हात तिथंच राहिला.

हैबतीनं मेंढीच्या शेजारी कोंबडी काढली, ती मेंढीहून मोठी. तिच्या पुढं हातात हात धरून चार माणसं काढली. एकाच्या डोक्याला मोठं गाठोडं, तो पटका. एकीच्या डोक्यावर घागर. तिसरी मधल्या उंचीची, तिच्या दोन वेण्या कानाशी उभ्या. आणि शेवटची दुध्या भोपळ्याएवढी, तिला पायच नाहीत.

"ही कोन?"

"ही तू. तवा रांगत हुतीस."

ठकुबाईनं ती माणसं कधीच ओळखली होती. ही भामाची भिंत होती. पाच वर्षांमागच्या पावसाळ्यात, मेंढरं आणि माणसं सगळी घरात कोंडलेली असताना, सहा वर्षांच्या भामानं चुलीतला कोळसा घेऊन आतली भिंत रंगवली होती. ठकुबाई तेव्हा रागं भरली होती. हैबती काही बोलला नव्हता, तो फक्त घोंगडीवर पडल्यापडल्या भिंतीकडं बघायचा. भिंत लिंपली गेल्यापासून त्यानं त्या चित्रांचं एकदाही नाव काढलं नव्हतं. ठकुबाईला वाटायचं, पुरुषमाणूस, त्याच्या काय ध्यानात राहणार. आणि त्यानं तर कोंबडीच्या तुऱ्याच्या पाकळ्यासुद्धा तेवढ्याच काढल्या होत्या.

हैबतीनं कोळसा खाली ठेवला. कागदाचा खालचा कोपरा कोरा होता. तो म्हणाला, "हितं काय न्हवतं."

तिथं होतं, पण ते ठकुबाईशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

भामाला ताप आला तेव्हा हैबती मेंढरांसह सारोळ्याकडं, नीरेच्या काठाला होता. दुसऱ्या दिवशी ठकुबाईनं वस्तीतल्या गेनूला निरोप घेऊन धाडलं. गेनूला मेंढरं सापडली नाहीत, म्हणून तो सारोळ्याच्या पुलाजवळच्या हाटेलात निरोप ठेवून माघारी आला. भामाला उठवत नव्हतं. ती भिंतीशी घोंगडीवर पडून असायची. तिनं कोळसा मागितला आणि पडल्या जागी हात पोचेल तिथं, अगदी जमिनीलगत, एक बोटभर माणूस काढला, डोक्याला गाठोडं असलेला.

"बा निगाला," ती म्हणाली. "आज हितवर आला."

दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक काढला, पहिल्यापेक्षा दाराच्या बाजूला जरा सरकलेला. असे सहा दिवस सहा माणसं झाली. शेवटच्या दोघांना पटकाच नव्हता, नुसती उभी रेघ. सातव्या दिवशी तिनं कोळसा मागितला नाही. दुपारी ती गेली.

पोरीला माती देऊन माणसं परतली तेव्हा ती निजली होती तेवढी जमीन सारवायची होती. जाऊ म्हणाली, तू बस, मी सारवते. ठकुबाईनं तिच्या हातातली शेणाची पाटी ओढून घेतली. जमीन सारवली आणि हात तसाच भिंतीवर चढवला. आधी खालची सहा माणसं लिंपली, मग कोंबडी, मेंढी, हात धरलेले चौघं. जाऊ म्हणाली, भिंत कशाला गं, राहू दे की. ठकुबाई थांबली नाही. तो आला नव्हता. निरोप जाऊनही आला नव्हता. आता येईल तेव्हा त्याला इथं काही दिसू नये, त्याच्या वाट्याला काही येऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

हैबती दुसऱ्या दिवशी आला. म्हणाला, निरोप फार उशिरा मिळाला. त्यानं ओल्या भिंतीकडं पाहिलं. सुतकाचं सारवण, असं ती म्हणाली, आणि त्यानं ते खरं धरलं.

आता चौकात शेजारची एक परकरातली पोर चंद्रीला बोलवायला आली, बिबट्या बघायला चल म्हणून. चंद्री तिच्यामागं पळाली. कागदापाशी दोघंच उरली.

ठकुबाईनं कोळसा उचलला. तिनं आजवर रांगोळीशिवाय काही काढलं नव्हतं. कोऱ्या कोपऱ्यात तिनं एक माणूस काढला, गाठोड्याचा. त्याच्या पुढं दुसरा, तिसरा, चौथा. मग दोन नुसत्या रेघा.

"ह्ये काय?" हैबती म्हणाला.

"तुमी."

त्याला कळेना. मग तिनं सांगितलं. खाली मान घालून, कागदाकडं बघत, सगळं सांगितलं. पोर रोज काय म्हणायची तेही, आणि भिंत कुणी आणि का लिंपली तेही. "सुतकाचं न्हवतं त्ये," ती म्हणाली. "म्या मुद्दाम केलं. तुमाला दिसू नये म्हनून."

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. हैबतीनं त्या सहा खुणांपैकी एकेकीवर बोट ठेवलं, जणू मेंढरं मोजत होता.

"ही चौथी," तो म्हणाला. "ह्या दिशी म्या सारोळ्यातच हुतो."

"निरोप मिळाला न्हवता."

"मिळाला हुता."

ठकुबाईनं वर पाहिलं.

"गेनू ठिवून गेला त्याच सांजला हाटेलवाल्यानं सांगितलं. मेंढ्या वीत हुत्या. रोज दोन-तीन. म्हादूबी तवा संगट न्हवता. म्या निगालो आस्तो तर कोकरं मेली आस्ती. म्हनलं, पोराला ताप येतो आन् जातो. दोन दीस काढू. दोनाचं पाच झालं. मग म्या चालत सुटलो. रातचा बी थांबलो न्हाई. मार्गासनीत आलो तवा मानसांनी सांगितलं."

चौकात पोरांचा गलबला चालला होता. कुणाची तरी निळीची करवंटी सांडली, म्हणून कुणाची तरी आई ओरडत होती. ठकुबाईच्या हातात कोळसा होता. दोन वर्षं ती या माणसावर चिडली होती, आणि मग त्याचा काय दोष, म्हणून स्वतःवर चिडली होती. आता कुणावर चिडायचं ते तिला सुचेना.

"कोकरं जगली का?" तिनं विचारलं.

"जगली. धा."

मास्तर कागद गोळा करत आले. त्यांनी तो कागद उचलून उजेडात धरला आणि जरा जास्तच वेळ पाहिला.

"हे आम्ही महिनाभर भिंतीवर लावणार आहोत. चालेल ना?"

"नगं," ठकुबाई म्हणाली. "आमच्या घरातलं हाय त्ये."

"ऱ्हाऊ दे हितं," हैबती हळूच म्हणाला. "आपल्या पालात कुठं टिकतंय. हितं छप्पर हाय."

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली. "नाव काय लिहू?"

"भामा हैबती," हैबती म्हणाला. "वय नऊ."

मास्तरांनी लिहिलं. तेवढ्यात चंद्री पळत आली आणि बापाच्या पाठीला लोंबकळली. "हीच का भामा?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाई. ही चंद्री."

मास्तरांनी एकदा ठकुबाईच्या तोंडाकडं पाहिलं. कागद दोन्ही हातांत आडवा धरून ते गेले.

उत्रोलीचं खाचर गाठेपर्यंत वाटेनं चंद्रीच बोलत होती. बिबट्याचे डोळे काचेचे आहेत, तिच्या मैत्रिणीच्या घरी बाजाची पेटी आहे, पुढच्या रविवारी पुन्हा जायचं. हैबती हूं हूं करत होता. ठकुबाई चार पावलं मागं चालत होती.

वाड्यावर म्हादूनं सांगितलं, एक मेंढी लंगडायला लागलीय, खुरात काहीतरी झालंय. ऊन अजून होतं. हैबतीनं पटका काढून पालावर टाकला आणि कंबरेचा चाकू काढला. म्हादू मेंढी धरायला पुढं झाला, पण ठकुबाई आधीच खाली बसली होती. तिनं मेंढीला कुशीवर पाडलं आणि गुडघ्याखाली दाबून धरलं. हैबती खूर कापू लागला. आत पू झाला होता, तो त्यानं पिळून काढला. मेंढीनं पाय झाडला.

"नीट धर."

"धरलंय."

त्यानं जखमेत हळद भरली, चिंधी बांधली. मग तो मेंढीचा पाय हातातून न सोडताच म्हणाला, "आज तिकडं गेलो नसतो तर कदी सांगनार हुतीस?"

"तुमी कुठं इचारलं," ती म्हणाली. "कदीच सांगनार न्हवते." "आन् तुमी?"

"म्या बी न्हाई."

तिनं गुडघा काढला. मेंढी धडपडून उठली, तीन पायांवर उडत कळपाकडं गेली आणि बाकीच्यांत मिसळली. हैबती चाकू पुसत राहिला. ठकुबाईनं हात धुतले, पालात गेली, आणि चंद्रीला भूक लागली होती म्हणून पीठ मळायला घेतलं.