लेकीच्या घरचा घास

माझी जीभ लय तिखट हाय, आख्खं कडेगाव सांगंल. पन एकदा तिचा उपेग झाला.

माझा शिवतेज मिलिटरीत, पठाणकोटला. घरात मी आनि सून साक्षी. साक्षीची आई शालन, म्हंजे माझी विहीण, मलकापुरात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. नवरा गेलेला, पोटाला ही एकच लेक. श्रावणात न्हाणीत घसरली आनि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पन करायला कोन? मग साक्षीचं सुरू झालं. पहाटे उठून हितला सैपाक, म्हशीची धार, शेणघाण, मग एस्टीनं मलकापूर, आईची आंघोळ, तिला चार घास, दिवेलागणीला परत. रोज.

महिनाभर मी बघितलं. खोटं कशाला बोलू, आधी माझ्या चहाला उशीर होतो ह्याचाच राग यायचा. मग एक दिवस पोर पीठ मळता मळता बसल्या जागी झोपली. हात तसाच परातीत.

"आईला हितं आन," मी म्हनलं.

"ती येत न्हाई, आत्या. तीनदा इचारलं. लेकीच्या घरात बसून खाल्लं तर लोक नावं ठेवतील म्हनती."

माझं टाळकंच फिरलं. लोक! लोकांनी कवा तिचा वॉकर धरला? दुसऱ्या दिवशी शेजारच्या शंभूराजला जीप काढायला लावली आनि मलकापूर गाठलं. जिना चढताना गुडघ्यांनी जीव काढला.

"आवं विहीणबाई, तुमी कशाला आलासा?" शालन खाटेवरनं म्हनली.

"न्यायला."

"लेकीच्या घरी कसं..."

"कुठल्या लेकीच्या? घर माझं हाय. उताऱ्यावर नाव चंद्राबाईचं हाय! मी बोलावती तुमाला. आनि उपकार न्हाई हां. दिवसभर मी म्हशीसंगं बोलती. तिनं तरी किती ऐकायचं?"

ती हसली, मग रडली. "चार दिवस येती," म्हनली, आनि पिशवीबी चार दिवसांचीच भरली. शंभूराजनं तिला खुर्चीसकट खाली उतरवलं.

घरी साक्षीनं ताट वाढलं, तर बया भिताडाकडं तोंड करून बसली. घास उतरंना. उपाशी राहून परत जायची हिची तयारी! मी साक्षीला गॅसपास्नं हटवलं.

"लेकीच्या हातचं चालत न्हाई न्हवं? मग माझ्या हातचं गिळा!"

सून आल्यापास्नं सैपाक सोडलेला, सहा वर्सांनी परत लागले. भाकरी करपली, घरभर धूर झाला, साक्षी दारात तोंडाला ओढणी लावून हसत हुती. मला मातर धाकधूक. ही जेवली न्हाई तर उद्या परत जानार, आनि पोर परत एस्टीत.

शालननं एक घास घेतला. चावला. दुसरा घेतला. मग कपाळाला आठ्या घालून म्हनली, "विहीणबाई, आमटीत मीठच न्हाई."

मी चिडणारच हुते. पन पावणी असती तर गप गिळून 'लय झ्याक' म्हनली असती. ही ऱ्हानार, माझ्या मनानं घेतलं.

"मग उद्या तुमीच करा की!" मी म्हनलं.

"करती. खुर्ची तेवढी गॅसजवळ ठेवा," शालन म्हनली. "आनि सकाळी साक्षीला उठवू नगा. झोपू दे पोरीला."